फावल्या वेळात काय करता?

रुम्बुर्क, ९ जानेवारी २०२३

प्रिय आजी,

नमस्कार. नवीन वर्षाच्या शुभेच्छा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मग तुम्ही माझ्यावरच चिडता, म्हणून पत्र लिहिते. चेक भाषेतलं माझं हे पहिलं मोठं पत्र आहे. थाओला म्हटलं, चुका सुधारून दे. ती म्हणाली, "आजी सुधारेल, तिला तेवढंच काम." मी दिवसभर दुकानात उभी राहत होते तेव्हा माझ्या या मुलीला तुम्ही वाढवलंत. त्यामुळे या उलट बोलण्याचा जाब मी तुम्हालाच विचारणार.

बातमी वाईट आहे. मी भाषेच्या परीक्षेत नापास झाले.

तुम्ही ओस्त्रावाला मुलाकडे गेलात आणि इथे माझ्या दुकानासमोर मोठं सुपरमार्केट उघडलं. आता माझ्याकडे लोक फक्त रात्री येतात, बिअर संपली की. दुकान चालणार नाही. पण माझा इथे राहण्याचा परवाना दुकानावरच आहे. दुकान बंद केलं की परवाना गेला, आणि परवाना गेला की मी गेले. तिकडे माझ्या देशात, न्घे आनला, माझं कोणीच उरलेलं नाही. आई होती, तीही गेली. थाओचे कागद पक्के झालेत, ती ब्रनोला शिकते आहे. ती इथे आणि मी तिथे. मी तिथे कोणासाठी स्वयंपाक करू?

कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला तर मी कोणतंही काम करू शकते. शाळेच्या खानावळीत बाई हवी आहे. पण त्या अर्जाला परीक्षेचा दाखला लागतो. माझा आत्ताचा परवाना डिसेंबरपर्यंत आहे.

वाचणं जमलं. ऐकणं जमलं. बोलण्यात बुडाले. समोर एक बाई होती, चांगली होती. म्हणाली, "तुम्ही आजारी आहात. डॉक्टरांना फोन करून वेळ घ्या." मी म्हटलं, "मी आजारी नाही." ती म्हणाली, "समजा, आजारी आहात." मी म्हटलं, "मी कधीच आजारी पडत नाही. विमा भरलेला आहे." मग म्हणाली, "शेजारी रात्री मोठ्यानं गाणी लावतो. त्याच्याकडे तक्रार करा." मी म्हटलं, "शेजारी चांगले आहेत. मी कधी कोणाची तक्रार केली नाही." शेवटी म्हणाली, "फावल्या वेळात काय करता?" मी म्हटलं, "मला फावला वेळ नाही. मी काम करते आणि कर भरते."

मी सगळं खरं सांगितलं. तरी नापास. परत परीक्षा मे महिन्यात आहे.

तुमची,
होआई


ओस्त्रावा, १७ जानेवारी २०२३

होआई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चुकांसाठी आणि एकदा हसण्यासाठी. दुसऱ्या खेपेला इतकी हसले की रादेक आतून धावत आला, त्याला वाटलं आईला झटका आला. चुका लाल शाईनं दाखवून पत्र सोबत परत पाठवते आहे. लाल रंग बघून घाबरू नकोस, तेरेझ्काच्या वहीत याहून जास्त असायचा. (तुमच्यात ती थाओ असेल, माझ्यासाठी ती तेरेझ्काच. पाळण्यातल्या पोरीला मी हाक मारायला सुरुवात केली ती याच नावानं.)

अगं वेडे, ती परीक्षा होती, पोलीस चौकी नव्हे! त्या बाईला तुझ्या विम्याशी काय देणंघेणं? तू बोलतेस कशी एवढंच तिला बघायचं होतं. तू आजारी पडलीस काय, तुझा शेजारी नागडा नाचला काय, तिला सगळं सारखंच.

हे तुला कोणी शिकवलं ते मला ठाऊक आहे. तो तोआन. तुम्हा सगळ्यांचे कागद तोच फिरवतो, तुम्ही पैसे देता आणि ऑफिसाची पायरीसुद्धा चढत नाही. पाच वर्षं झाल्यावर हा अर्ज करता आला असता, तू अठरा वर्षं घालवलीस. तेव्हा परीक्षाही सोपी होती. मी तेव्हा बोलले होते की नाही? बोलले होते.

असो. आता रडायचं नाही. आमच्या काळात मोज्यांच्या कारखान्यात दर वर्षी फॉर्म यायचा, त्यात मोकळ्या वेळेत देशासाठी काय केलं ते लिहायचं असायचं. मी दर वर्षी वाचनालयाला मदत केली असं लिहीत असे. वाचनालय कुठल्या गल्लीत आहे हेही मला माहीत नव्हतं. साहेबही खूश आणि मीही.

तर हा तुझा अभ्यास. मला पत्र लिही, फावल्या वेळात काय केलंस ते. खरं असलंच पाहिजे असं नाही. नमुना घे: "काल मी शेजारच्या कोपेत्स्काबाईंबरोबर नदीकाठी फिरायला गेले. थंडी होती. आम्ही बदकांना पाव घातला आणि नंतर गरम चॉकलेट प्यालो." बघ, किती सोपं आहे!

खुबा उत्तम जुळतो आहे.

द्राहोमीरा


रुम्बुर्क, ६ फेब्रुवारी २०२३

प्रिय आजी,

खुबा जुळला हे वाचून खूप आनंद झाला. सप्टेंबरात तुम्ही जिन्यावरून पडलात तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वर्ष लागेल. आणि तुम्ही नदीकाठीसुद्धा गेलात! थाओला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण मला वाटतं तिलाही आनंद झाला असणार.

तोआनदादाला मी सांगितलं की या वेळी अर्ज मी स्वतः करणार. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला दारातूनच परत पाठवतील." मी म्हटलं, "पाठवू दे. परत येईन, परत जाईन." मग तो रागावला आणि हिशोब मिटवायला लागला. त्याचंही पोट यावरच चालतं.

आता अभ्यास. शनिवारी मी पोहायला गेले. पाणी गरम होतं. मी खूप पोहले. नंतर मी मैत्रिणीबरोबर केक खाल्ला. रविवारी मी नाटक बघितलं. नाटक फार छान होतं. सोमवारी मी पुन्हा पोहले.

आजी, कसं वाटलं?

होआई


ओस्त्रावा, १४ फेब्रुवारी २०२३

होआई,

वाचताना मला दम लागला. शनिवारी पोहणं, रविवारी नाटक, सोमवारी परत पोहणं. तू दुकानदार आहेस का बदक? नाटक कसलं होतं? कोण होतं त्यात? कोणी मेलं का? "फार छान होतं" असं म्हणणारीला परीक्षक लगेच पुढचा प्रश्न विचारते आणि मग तू परत विम्यावर येतेस. कमी लिही, पण सांगण्याजोगं लिही. थोडं भांडण असू दे त्यात. चेक माणसाला कुरकुर नसलेली गोष्ट पटत नाही.

आजचा नमुना: "रविवारी मी कोपेत्स्काबाईंबरोबर नाचायला गेले. वाजवणारे बेसूर होते आणि कोपेत्स्काबाई माझ्या पायावर पाय देत होत्या. घरी येताना बस चुकली. तरी मजा आली." कळलं? बस चुकली पाहिजे.

तू पाठवलेलं आलं-लिंबाचं औषध घेते आहे. रादेक म्हणतो घरभर वास सुटला आहे. त्याला म्हटलं, तू दिवसभर घरी नसतोस, तुला कसला वास.

द्राहोमीरा


रुम्बुर्क, १२ मार्च २०२३

प्रिय आजी,

उशीर झाला. दुकानाच्या छताला गळती लागली होती. घरमालक श्री. व्होंड्रा यांना मी स्वतः जाऊन बोलले, चेक भाषेत, आणि कुरकुरही केली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवला. कुरकुरीचा उपयोग होतो हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आता अभ्यास. या रविवारी मी एकटी जंगलात गेले. सकाळी लवकर उठले. जंगलात शांत होतं. पायवाट ओली होती आणि माझे बूट खराब झाले, म्हणून मला राग आला. पण मला टोपलीभर अळंबी मिळाली. मोठी, तपकिरी. एका म्हाताऱ्या माणसानं विचारलं, "कुठे मिळाली?" मी त्याला खोटी जागा सांगितली. घरी येऊन मी अळंबीचं सूप केलं. येताना बस चुकली.

होआई


ओस्त्रावा, २० मार्च २०२३

होआई!

मार्च महिन्यात अळंबी! बर्फाखालून उकरून काढलीस का गं? टोपलीभर? मोठी? तपकिरी?

ऐक. या देशात परीक्षक शब्द चुकला तर सोडून देईल, पण मार्चमधली अळंबी सोडणार नाही. ती बाई पेन खाली ठेवेल, सगळ्यांना बोलावेल आणि पुढच्या तीस वर्षांत प्रत्येक जेवणावर तुझी गोष्ट सांगेल. म्हाताऱ्याला खोटी जागा सांगितलीस ते मात्र अस्सल जमलं. त्या एका वाक्यावर मी तुला पास केलं असतं.

गंमत पुरे. मला वाईट वाटलं, ते सांगते. अठरा वर्षं तू इथे आहेस आणि अळंबी कधी उगवतात हे तुला माहीत नाही. चूक तुझी नाही. मी दर सप्टेंबरात तेरेझ्काला घेऊन जंगलात जात होते आणि तू दुकानात उभी असायचीस. तुला कधी म्हटलं नाही, चल. तू येणार नाहीस असं मीच धरून चालले.

तर आता हुकूम ऐक. रविवारी दुपारी दुकान बंद. खरं बंद. कुलूप लावायचं आणि बाहेर पडायचं. कुठेही जा. मग मला लिही. यापुढे खोटा अभ्यास मी तपासणार नाही.

द्राहोमीरा


रुम्बुर्क, १८ एप्रिल २०२३

प्रिय आजी,

तुमचं ऐकलं. रविवारी दुपारी दारावर कागद लावला, "दुपारी बंद", आणि कुलूप लावलं. दोनदा ओढून बघितलं. या दुकानाला दिवसा कुलूप लागलेलं मी बाहेरून कधी बघितलं नव्हतं.

दहा पावलंसुद्धा गेले नसेन, मागून ओरडण्याचा आवाज आला. श्री. हावेल्का. ते रोज दोन बिअर नेतात ना, ते. दार वाजवत होते. मला बघून म्हणाले, "काय झालं? कोण वारलं?" मी म्हटलं, "कोणी नाही. मी फिरायला चालले आहे." ते म्हणाले, "कुठे?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "मग तू हरवशील," आणि बरोबर आले.

आम्ही तळ्यापर्यंत गेलो. ते फार हळू चालतात. जाताना पूर्ण वाट ते त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलले. डावा कसा दुखतो, उजवा कसा दुखतो, डॉक्टर तरुण आहे आणि त्याला काही कळत नाही, गोळ्यांनी पोट बिघडतं, पाऊस यायच्या आधी आतून टोचतं. आजी, मला सगळं कळलं. एक शब्द सुटला नाही. येताना ते बायकोबद्दल बोलले. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. तेही कळलं. मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी परत?"

तळ्यावर बाकावर बसले तेव्हा हातांचं काय करावं ते कळेना. हातात काहीतरी असायची सवय आहे. नंतर हात आपोआप शांत झाले.

हे सगळं खरं आहे.

होआई


ओस्त्रावा, २६ एप्रिल २०२३

होआई,

या पत्रात मला चार चुका सापडल्या आणि एकही सुधारावीशी वाटली नाही. तरी सुधारल्या आहेत. हावेल्का शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होता. तेव्हाही तो गुडघ्यांबद्दलच बोलायचा.

इकडे लायलॅक फुललं आहे. मी रोज खाली जाऊन फांद्या आणते, कोपेत्स्काबाई रागावतात की बागेतलं तोडू नये. नदीकाठी तर आता पाय ठेवायला जागा नसते, इतकी गर्दी.

परीक्षेच्या दिवशी नीट जेवून जा. उपाशी पोटी तू फक्त हो-नाही बोलतेस.

द्राहोमीरा


रुम्बुर्क, ५ जून २०२३

प्रिय आजी,

पास झाले! दाखला आज आला. दुकानाच्या काचेला आतून चिकटवला आहे, येणारा प्रत्येक जण वाचतो. हावेल्कांनी तर मोठ्यानं वाचला आणि सगळ्यांना सांगितलं की त्यांनी मला शिकवलं.

त्याच बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं, मी ओळखलं नाही असं दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आजारी आहात. डॉक्टरांना फोन करा." मी फोन केला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, डावा गुडघा दुखतो, उजवाही दुखतो, तुमच्या गोळ्यांनी पोट बिघडलं, पाऊस यायच्या आधी आतून टोचतं आणि तुम्ही माझं ऐकूनच घेत नाही. बाई म्हणाल्या, "बरं बरं, उद्या सकाळी या." मी म्हटलं, "उद्या नाही, आजच." त्या हसल्या. शेजाऱ्याच्या गाण्यांबद्दल मी तुमच्यासारखी बोलले. तुम्ही माझ्यावर रागावता तशी. त्यांनी लवकरच हात वर केले.

लेखी परीक्षेत एका ओळखीच्या व्यक्तीला घरी बोलवायचं होतं. कसं यायचं, काय आणायचं, आपण काय करू ते लिहायचं. बाकीचे मित्रांना लिहीत होते. मी तुम्हाला लिहिलं. कागद त्यांनी ठेवून घेतला.

आता दुसरी गोष्ट. थाओ गेल्या आठवड्यात तुमच्याकडे येऊन गेली, हे तुम्ही मला लिहिलं नाहीत. तिनं सांगितलं. आजी, चौथा मजला आहे. लिफ्ट नाही. तुम्ही ऑक्टोबरपासून एकदाही खाली उतरलेल्या नाहीत. कोपेत्स्काबाई म्हणून कोणी नाहीत. तळमजल्यावर श्री. कोपेत्स्की आहेत, त्यांनी तुम्हाला कधी बघितलेलंसुद्धा नाही. थाओला फेब्रुवारीतच संशय आला होता, पण तिला वाटलं, आजीची गंमत आपण का मोडायची.

मार्चमध्ये तुम्ही मला अळंबीवरून बोललात. तुमच्या नदीचं काय? त्या बदकांचं काय? मी इथे सगळ्यांना सांगत होते की आमची आजी नाचायला जाते. मला तुमचा राग आला आहे. खूप. आणि मी दुकानाच्या मागे बसून रडलेसुद्धा.

होआई


ओस्त्रावा, १५ जून २०२३

होआई,

पास झालीस! मी रादेकच्या कपाटातली त्याची ठेवणीतली बाटली उघडली. एकटीनंच प्यायले. शाबास, पोरी.

दुसऱ्या गोष्टीबद्दल. ते खोटं नव्हतं, तो नमुना होता. शिक्षक फळ्यावर सफरचंद लिहितो तेव्हा कोणी विचारत नाही की सफरचंद कुठे आहे.

बरं, ठीक आहे. खोटं होतं.

रादेक चांगला मुलगा आहे, हे आधी लिहिते. तो सकाळी सहाला जातो, संध्याकाळी येतो, माझी औषधं मोजून ठेवतो, आणि दमलेला असतो. त्याला काय म्हणू, मला उचलून खाली ने? मी त्याच्या खिडकीशी बसते. तिथून पार्किंग दिसतं. तुझी पत्रं यायला लागली तेव्हा मला काहीतरी काम मिळालं. तुला नमुना म्हणून नदी लिहिली तर दिवसभर मी नदीवरच असायचे. दोन दिवस विचार करायचे की पुढच्या पत्रात कुठे जाऊ. असं काही गंभीर नाही. तेरेझ्कानं उगाच वाढवून सांगितलं.

तू अर्जाकडे लक्ष दे. स्वतः जा. तोआनकडे जाऊ नकोस.

द्राहोमीरा


रुम्बुर्क, २४ ऑक्टोबर २०२३

प्रिय आजी,

मिळाला!

काल पत्र आलं, आज मी ऑफिसात गेले. जूनमध्ये अर्ज दिला तेव्हा तोआनदादा म्हणाला तसं मला दारातून कोणी परत पाठवलं नाही. फक्त दोनदा आणखी कागद आणायला लावले, मी दोनदा आणले. ऑगस्टमध्ये दोन पोलीस आले, मी खरंच इथे राहते का ते बघायला. मी वर होते. खाली हावेल्का दारातच उभे होते. पोलिसांनी विचारलं, "या बाई इथे राहतात?" हावेल्का म्हणाले, "राहतात म्हणजे? ही नसेल तर मी बिअर कोणाकडून घेऊ?" आणि मग गुडघे सुरू केले. पोलीस लवकर गेले.

या सप्टेंबरात हावेल्कांनी मला जंगलात नेलं. खरी अळंबी. तुम्हाला वाळवून पाठवली ती तीच. जागा विचारू नका.

डिसेंबरअखेर दुकान बंद करते आहे. जानेवारीपासून शाळेच्या खानावळीत जाणार, दुपारी तीनला सुट्टी. आजी, तीनला! त्यानंतर संध्याकाळ मोकळी, आणि शनिवार-रविवारही.

मी वरचं घर ठेवते आहे आणि दुकानामागची खोलीही घेतली आहे. घरमालक श्री. व्होंड्रा तयार आहेत. खोली तळमजल्यावर आहे. एकही पायरी नाही, मी उंबरासुद्धा काढून घेतला. खिडकी अंगणात उघडते. भिंतीला रंग द्यायचा आहे, कोणता ते तुम्ही सांगा.

खोली तुमच्यासाठी आहे. आजी, घरी या.

होआई


ओस्त्रावा, २ नोव्हेंबर २०२३

होआई,

अभिनंदन, हजार वेळा. तुझं पत्र घेऊन मी बराच वेळ बसले. वाचलं, ठेवलं, परत वाचलं.

खोलीचं मात्र विसर. तुझं आयुष्य आत्ता कुठे मोकळं झालंय आणि तू त्यात एक म्हातारी बसवतेस? अठरा वर्षं बिअर विकलीस, आता तीनला सुटून घरी येणार आणि माझी औषधं मोजणार? मी काही सामान नाही, रिकाम्या खोलीत ठेवायला. आणि लोक विचारतील, ही तुझी कोण? काय सांगशील? मी तुझी कोणी लागत नाही. तुम्ही मला पोरगी सांभाळायचा पगार देत होतात, दर महिन्याला, पाकिटात. नातं असतं तर पाकीट नसतं.

रादेकला पत्र दाखवलं. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्यालाही वाईट वाटलं असेल. बघ, तुझ्यामुळे घरात किती गोंधळ.

रंग पिवळा दिलास तर अंगणातल्या खोलीला बरा दिसतो. हे मी सर्वसाधारण सांगते.

द्राहोमीरा


रुम्बुर्क, १४ नोव्हेंबर २०२३

आजी,

आज चुका असतील. मी रागात लिहिते आहे, सुधारून परत पाठवू नका.

पाकीट आम्ही देत होतो, बरोबर. थाओला गोवर आला तेव्हा तुम्ही नऊ रात्री तिच्याजवळ बसलात. त्या नऊ रात्री कुठल्या पाकिटात होत्या? तिचे वडील सोडून परत गेले तेव्हा चार महिने मी पाकीट दिलंच नाही, आणि तुम्ही रोज आलात, तीच पिशवी घेऊन, तेच बोलत, की आज रस्ता निसरडा आहे. मला तेव्हा चेक भाषेत आभार मानता येत नव्हते. आता येतात, पण आभार मानण्यासाठी मी तुम्हाला बोलवत नाही. घरात तुम्ही नाही म्हणून बोलवते आहे. थाओ सुट्टीला येते आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसतो. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची कमी येते, आणि आमच्यामध्ये बसून दोघींना रागावणारं माणूस ओस्त्रावाला पार्किंग बघत बसलं आहे.

रादेकशी मी बोलले. फोन मीच केला. तो म्हणाला, आईला विचारायचं धाडस त्याला होत नव्हतं, ती म्हणेल मुलानं घालवून दिलं. दर महिन्याला तो येईल. शनिवारी तो घरी असणार आहे. तो आणि हावेल्कांचा पुतण्या तुम्हाला खुर्चीत बसवून खाली आणतील. गाडी पुतण्याची आहे. वाटेत जिथे म्हणाल तिथे थांबू.

काल मी नगरपालिकेत गेले होते. तुमचा पत्ता इथे बदलायचा तर घरात राहणाऱ्या माणसाची संमती लागते. मला वाटलं, व्होंड्रांना घेऊन यावं लागेल. खिडकीतली मुलगी म्हणाली, "नको, भाडेकरू तुम्ही आहात ना? मग तुम्हीच सही करा."

आजी, या देशात आल्यापासून मी दुसऱ्यांच्या सह्यांसाठी फिरले. दर वेळी कोणीतरी लिहून द्यायचं की या बाईला आम्ही आमच्याकडे राहू देतो. कोणी लगेच द्यायचं, कोणी महिनाभर फिरवायचं, आणि एकानं दिलेली परत घेतली होती. काल पहिल्यांदा कागद माझ्यापुढे होता आणि राहू द्यायचं की नाही हे मला विचारलं होतं. मी सही केली. इतकी जोरात केली की खालच्या कागदावर उमटली.

मुलीनं विचारलं, "या तुमच्या कोण?" मी म्हटलं, "आजी." तिनं माझ्याकडे बघितलं, तुमचं नाव वाचलं, परत माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "किती दिवसांसाठी?"

मी म्हटलं, "कायमच्या."

खालची सही तुमची आहे. ती तुम्हालाच येऊन करावी लागेल, दुसऱ्या कोणाची चालत नाही. शनिवारी सकाळी कोट घालून बसा.

होआई